धारेतली खाच

"नूतन, पानी दे ना जराखं," हेमकांत मान वर न करता म्हणाला, आणि दिपालीने पाणी दिलं. तांब्या त्याच्या उजव्या हाताशी ठेवून ती तिथेच उभी राहिली. त्याने ओंजळभर पाणी समोरच्या धारेच्या दगडावर शिंपडलं, आजोबांचा जुना वस्तरा त्या दगडावर आडवा टेकवला आणि हलक्या हाताने पुढे सरकवला. आपल्या तोंडून काय गेलं हे त्याच्या गावीही नव्हतं. रविवारची सकाळ होती. परसातल्या पपईच्या पानांमधून कोवळं ऊन त्याच्या विरळ केसांवर पडलं होतं आणि कपडे धुवायच्या दगडाशी पाट घेऊन तो शाळकरी पोरासारखा मांडी घालून बसला होता. दिपाली नुकतीच इस्पितळातून रात्रपाळी करून आली होती. अंगावर अजून ड्यूटीची साडी होती, हातांना स्पिरिटचा वास होता. ती वळली, स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं, आणि गॅस पेटवायचाच राहिला हे तिला बऱ्याच वेळाने कळलं.

तेवीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. नूतन ही हेमकांतची पहिली बायको. लग्नानंतर चार वर्षांत किडन्यांच्या आजाराने गेली, मूलबाळ नव्हतं, हे सगळं दिपालीला स्थळ आलं तेव्हाच सांगितलेलं होतं. ती स्वतः तेव्हा तिशीच्या आसपास होती, नर्सिंग करून नोकरीला लागलेली, आणि नवापूरच्या तिच्या घरात तिच्या लग्नाची आशा सगळ्यांनी जवळजवळ सोडलेली. बिजवर आहे, पण माणूस सरळ आहे, साखर कारखान्यात कायमची नोकरी आहे, असं तिचे वडील म्हणाले होते. माणूस खरंच सरळ निघाला. त्याने शहाद्याच्या या घरात नूतनचा फोटो कधी लावला नाही, तिचं नाव घेतलं नाही, तिच्या माहेरच्यांची गोष्ट काढली नाही. दिपालीने त्याला त्याचा चांगुलपणा मानलं होतं. नाव घेत नाही म्हणजे विसरला, निदान विसरायचा प्रयत्न तरी करतो, असं धरून ती चालली होती. आता तिला वाटायला लागलं की ज्या नावाला कुलूप असतं ते इतक्या सहज, इतक्या गुळगुळीतपणे बाहेर पडत नाही. हे नाव आत कुठेतरी रोजच्या वापरात असणार.

आणि नुसतं नाव नव्हतं. "पानी दे ना जराखं." असं तो तिच्याशी कधी बोललाच नव्हता. आईशी, भावकीशी, कारखान्यातल्या गड्यांशी तो अहिराणीत बोलायचा, दिपालीशी मात्र पुस्तकातल्यासारखं मराठी. "दिपाली, जरा पाणी देतेस का?" त्याची सुरुवात बघण्याच्या कार्यक्रमातच झाली होती. ती नर्सिंगच्या शाळेत शिकलेल्या स्वच्छ मराठीत उत्तरं देत होती आणि समोर बसलेला हेमकांत शब्द निवडून निवडून, घाम पुसत, तिच्या तोडीचं बोलायची खटपट करत होता. तिला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं. आपल्यासाठी एक माणूस आपली जीभ बदलतो आहे, याचा तिला नंतरही कितीतरी वर्षं अभिमान होता. मैत्रिणींना ती सांगायची, हे घरीसुद्धा किती शुद्ध बोलतात. त्या सकाळी थंड आधणाखालचा गॅस पेटवताना तिच्या लक्षात आलं की शुद्ध बोलायला माणसाला सावध राहावं लागतं. तेवीस वर्षं हा माणूस आपल्यासमोर सावध बसला आहे, पाहुण्याच्या घरी बसावं तसा. मांडी घालून, सैल होऊन, जराखं पाणी मागायला त्याला दुसरी लागते.

वस्तरा घरात आला तो दिवाळीनंतर. तापीकाठच्या गावी जुन्या घराचं कौलारू छप्पर काढून पत्रे टाकायचे होते, त्यासाठी माळा रिकामा करताना एक पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात हेमकांतचे आजोबा चुनीलाल यांचं सामान होतं. कधीकाळी ते कापूस घेऊन सुरतेला जायचे, तेव्हा तिथून त्यांनी हा जर्मन बनावटीचा वस्तरा आणला होता. पातं तांबेऱ्याने माखलेलं, म्हशीच्या शिंगाची मूठ तडकलेली, सांध्यातली खीळ गंजून घट्ट बसलेली. हेमकांतने तो रुमालात गुंडाळून शहाद्याला आणला आणि तेव्हापासून त्याची सुट्टी त्यातच जायला लागली. मोबाइलवर कुठल्यातरी थंड देशातला पांढऱ्या दाढीचा म्हातारा वस्तरे कसे दुरुस्त करायचे ते दाखवायचा. हेमकांत त्याची भाषा न कळताही त्याचे हात बघत राहायचा. त्याने खिळीत तेल सोडून सोडून सांधा मोकळा केला. बारीक पॉलिश पेपरने तांबेरा उतरवला, इतक्या सबुरीने की रोज पात्याचं एखादं बोटभर अंग उजळायचं. मुठीची चीर भरून तिला खोबरेल चोळलं. कारखान्यात तो साखरेच्या पाकात दाणा धरला की नाही ते बघायचा. काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन, उजेडासमोर धरून, बोटाने किंचित पसरवून. तीच बोटं आता त्या पात्यावर फिरत होती. दिपालीला आधी त्याची गंमत वाटायची. "सवत आणलीत तुम्ही घरात," असं ती एकदा हसत म्हणालीसुद्धा होती. तो हसला नव्हता. तेव्हा तिला वाटलं, कामात आहेत, ऐकलं नसेल. आता त्या न हसण्याला तिने पुन्हा पुन्हा बाहेर काढून बघितलं.

त्या रविवारनंतर तिने त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खजील झाला असता, माफी मागितली असती, आणि ते नाव पुन्हा आत जाऊन बसलं असतं. तिला ते पुन्हा ऐकायचं होतं. दुखऱ्या दाताला जीभ लावत राहावं तशी ती त्याच्या आसपास घुटमळायला लागली. तो परसात बसला की ती तांदूळ निवडायला दारात बसायची. तो दगडावर वस्तरा फिरवताना गुणगुणायचा, आणि त्या सुरांत शब्द आहेत का ते ती कान देऊन ऐकायची. एकदा त्याने उन्हात पातं तिरपं धरून डोळे बारीक केले आणि त्याचा चेहरा असा काही सैल, तरुण झाला की दिपाली तांदळातला खडा उचलायचा विसरली. हा चेहरा तिने पाहिलाच नव्हता. ती आली तेव्हा तो संपून गेला होता.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली आणि हेमकांतला वस्तरा परजायला चामड्याचा पट्टा हवा होता. न्हाव्यांकडचं जुनं चामोटं आता कुणाकडे मिळत नव्हतं. "घोड्यांच्या बाजारात मिळेल," तो म्हणाला, "येतेस का?" ती गेली. तापीवरच्या पुलावरून गाडी जाताना खाली पाण्यावर धुकं होतं आणि काठाने घोडेच घोडे. पांढरे, काळे, बदामी, कुणी मागच्या पायांवर उभा, कुणाच्या गळ्यात घुंगरं. हवेत धूळ, लीद आणि तळल्या जाणाऱ्या भज्यांचा वास. खोगिरं विकणाऱ्यांच्या ओळीत उदेसिंग नावाचा एक म्हातारा बसला होता. हेमकांतने त्याच्याकडचे पट्टे एकेक उचलून वाकवून पाहिले, मग एक पट्टा गालाशी नेला आणि डोळे मिटून त्यावर गाल घासला. भर बाजारात. दिपालीने इकडेतिकडे पाहिलं. उदेसिंग हसला आणि तिला म्हणाला, "बाई, तुम्ही बी हात लाई पाहा. घोडाले टोचाव नही असं कातडं शे हे." तिने हात लावला. कातडं मऊ होतं, कोमट होतं, त्याच्या गालाची ऊब अजून त्यात होती. कुणाला आठवून यांनी डोळे मिटले असतील, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने हात चटकन मागे घेतला. "काय झालं?" हेमकांतने विचारलं. "वास येतो," ती म्हणाली. वाटेत त्याने तिला जिलबी घेऊन दिली. ती तिने खाल्लीसुद्धा, पण पुलावरून परत येताना खाली तापीत पोहणीला घातलेल्या घोड्यांकडे ती बघत राहिली आणि तो आपल्याच नादात मांडीवरचा पट्टा बोटांनी मळत होता.

सारंगखेड्याहून गाव जवळ, म्हणून ते सासूकडे थांबले. हेमकांत पत्र्यांचं काम बघायला मागे गेला आणि दिपाली ओट्यावर रंजनाबाईंच्या पाठीला तेल चोळत बसली. सासूचं आणि तिचं कधी वाकडं नव्हतं. म्हातारी मनात येईल ते बोलायची, त्यात डंख नसायचा. "हेमू तो वस्तरा साफ करी ऱ्हायना म्हने," रंजनाबाई म्हणाल्या. "करू दे वं माय. त्यान्हा जीव शे त्यानामा. फटफटीवरथीन पडना व्हता, हात मोडेल, तैं रोज सकायले तोच वस्तरा लिसनी नूतन त्यान्ही दाढी करे. आठेच, ह्या ओटावर." दिपालीचा तेलाचा हात थांबला. रंजनाबाई आपल्या ओघात होत्या. "एक दिन चक्कर उनी तिले. हातमाधला वस्तरा उंबरठाना दगडवर पडना, धारले खाच पडी गयी. तठून तिन्हं दुखनं कयनं आम्हले. तिन्ह्या किडन्याच खराब व्हयेल व्हत्यात." मग मागे वळून त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि त्यांना आपण काय बोललो ते उमगलं. "तू मनवर लिऊ नको, दिपाली. जुनी गोट शे."

"नाही हो आई," दिपाली म्हणाली आणि पुन्हा तेल चोळायला लागली. आत, देवघराच्या भिंतीवर, नूतनचा फोटो होता. शहाद्याच्या कुठल्यातरी स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेले बर्फाचे डोंगर, हातात प्लास्टिकची फुलं, नाकात ठसठशीत चमकी. दिपाली लग्न होऊन आली तेव्हा फोटोतली बाई तिला थोरल्या जावेसारखी वाटली होती आणि तिने तिला वाकून नमस्कार केला होता. पुढे दिपालीचे केस पिकले, चष्मा लागला, कंबर दुखायला लागली, आणि फोटोतली बाई दर वर्षी लहान होत गेली. आधी बरोबरीची, मग धाकट्या बहिणीसारखी. आता ती दिपालीच्या मुलीच्या, सुरतेला शिकणाऱ्या कृपालीच्या वयाची होती. निघताना दिपाली फोटोसमोर उभी राहिली आणि तिला स्वतःची लाज वाटली. पोरीच्या वयाच्या पोरीवर जळायचं. पण लाज वाटली म्हणून जळणं कमी झालं नाही. उलट आता त्याला धरायला जागा मिळाली होती. ओटा होता, सकाळ होती, मोडलेला हात होता, साबणाचा फेस होता, आणि त्या हनुवटीखाली दोन बोटं ठेवून ती वर उचलणारी कुणीतरी होती.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात हर्नियाच्या ऑपरेशनसाठी सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेल्या वाहरू नावाच्या माणसाची तयारी तिच्याकडे होती. तयारी म्हणजे ऑपरेशनच्या जागेचे केस काढणं. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने किती अंगं अशी साफ केली होती त्याला गणती नव्हती. म्हातारी, तरुण, जखमी, मरणाच्या दारातली. परक्या पुरुषाच्या देहावर पातं धरायचं तिला काहीच वाटत नसे, आणि त्यांनाही तिच्या हाताखाली भीती वाटत नसे. वाहरू आधी लाजून ताठ झाला होता, मग हळूहळू सैल पडला आणि छताकडे बघत म्हणाला, "बाई, तुझा हात हलका शे." दिपालीने पातं पुसताना आपल्या हाताकडे पाहिलं. अख्ख्या तालुक्याला ठाऊक असलेला हा हात घरातल्या माणसाने एकदाही मागितला नव्हता. रोज सकाळी हेमकांत न्हाणीचं दार लावून घ्यायचा, आतून नळाचा आवाज यायचा, आणि दाढी करून, तोंड पुसून तो बाहेर यायचा. तिच्या काळात त्याचा हात मोडला नव्हता, हे खरं. पण तापाने फणफणला होता तेव्हासुद्धा त्याने वाढलेली दाढी तशीच ठेवली होती. "मी करून देऊ?" असं तिने तेव्हा विचारलं होतं आणि "नको, राहू दे," असं तो घाईने म्हणाला होता. ती घाई तिला आता कळली.

खाच तिला त्यानंतर दिसायला लागली. आधीही ती तिथे असणारच, पण तिने पाहिली नव्हती. पात्याच्या टोकाकडच्या बाजूला, नखाच्या कडेएवढी अर्धी चकती धारेतून निघून गेली होती. हेमकांतचं काम तिथे अडलं होतं. बाकी सगळं पातं आरशासारखं झालं, मूठ काळी चकचकीत झाली, दगड झाले, पट्टा आला, पण खाच निघेना. खरं म्हणजे तो ती काढतच नव्हता. भरड दगड भिजवायचा, पातं टेकवायचा, दोन-चार हात मारायचा आणि थांबायचा. भिंगातून खाचेकडे बघायचा. पुसून ठेवून द्यायचा. "का हो, राहिलं का?" दिपालीने एकदा विचारलं. "खाच काढायची तर सगळी धार तेवढी खाली घ्यावी लागेल," तो म्हणाला, "फार लोखंड जाईल." त्याचा आवाज सरळ होता. तरी ते लोखंडाबद्दल नव्हतं, हे दिपालीला कळत होतं, आणि तिला कळतं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

गळीत हंगाम जोरात होता. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग शहाद्याच्या वेशीपर्यंत यायची आणि वाऱ्यावर मळीचा आंबूस वास. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही म्हणून हेमकांत त्या दिवशी एका पाळीवर दुसरी करून कारखान्यातच राहिला. दिपालीला सुट्टी होती. दुपारी जेवण झाल्यावर तिने कपाटातून वस्तऱ्याची आणि दगडांची पेटी काढली, परसात नेली आणि पाट मांडला. आपण काय करायला बसलो आहोत हे तिला नीट माहीत नव्हतं. वस्तरा फेकून द्यावा, विहिरीत टाकावा, आणि चोर आले होते म्हणावं, असंही मनात येऊन गेलं. तिने भिंगातून खाच बघितली. भिंगात ती भलीमोठी दिसली, कडा फाटलेल्या, आत तांबेऱ्याचा एक ठिपका, जो हेमकांतच्या पॉलिश पेपरलाही सापडला नव्हता. किंवा त्याने ठेवला होता. तिने भरड दगड पाण्यात बुडवला. त्यातून बारीक बुडबुडे येत राहिले आणि ते थांबेपर्यंत ती बघत बसली.

मग तिने पातं दगडावर आडवं टेकवलं, पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागतील असं, आणि पुढे ढकललं. इतके दिवस तांदूळ निवडता निवडता तिने सगळं पाहिलेलं होतं. हात त्याच्याइतका सराईत नव्हता, पण थरथरतही नव्हता. खर्र. उलटवायचं ते पाठीवर, धारेवर नाही. खर्र. पाणी राखाडी झालं, बोटं राखाडी झाली, नखांत लोखंडाचा चिखल बसला. खाच हलायला तयार नव्हती. दिपालीने पदर खोचला. पुढे ढकलताना तिला ओट्यावरची ती पोरगी दिसत होती. पण दिपालीच्या डोळ्यांना नर्सच्या डोळ्यांनीच बघायची सवय होती. चमकीखालचा चेहरा तिला आता फिकट दिसला, पापण्यांखाली सूज दिसली, सुजलेल्या पायांच्या बोटांत जोडवी रुतलेली दिसली. मी तिथे असते तर पाय दाबून बघितलं असतं, तिला वाटलं. त्याच दिवशी सांगितलं असतं, लघवी तपासा, रक्तदाब बघा. कदाचित जगली असती. आणि जगली असती तर तिथे तीच असती, मी नवापूरलाच राहिले असते. हा विचार आला तेव्हा तिचे हात थांबले. तिला त्या पोरीची कीव आली आणि त्या किवेसकट तिचा हेवाही वाटला, कारण जिची कीव येते तिला कुणी हरवू शकत नाही. दिपालीने पुन्हा पाणी घेतलं आणि जोर न वाढवता, फक्त हात न थांबवता, पातं फिरवत राहिली. खाच लहान होत होती. आधी नखाच्या कडेएवढी, मग केसाएवढी, मग उजेडात धरल्यावर धारेवर चमकणारा एक कण. उन्हं पपईवरून भिंतीवर गेली. बारीक दगडावर तिने पातं घेतलं, आणि मग भिंगातून पाहिलं तेव्हा तिथे काही नव्हतं. धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ होती. पातं आधीपेक्षा किंचित अरुंद झालं होतं.

तेव्हा ती घाबरली. जे काढलं ते परत घालता येणार नव्हतं. हात धुताना नखांतला राखाडी चिखल निघेना. तिने वस्तरा पुसला, तेल लावलं, पेटीत ठेवायला निघाली, आणि मग ठेवला नाही. संध्याकाळी तो आला तेव्हा वस्तरा परसातल्या पाटावर उघडाच होता.

हेमकांतचे डोळे लाल झाले होते, कपड्यांना मळीचा वास होता. त्याने चहाचा कप हातात घेतला आणि पाटाकडे पाहिलं. कप खाली ठेवून तो उकिडवा बसला. अंगठ्याचं नख त्याने धारेवरून हळूच ओढलं, एकदा, आणि पुन्हा.

"खाच गेली," तो म्हणाला.

"मी काढली."

त्याने पातं उजेडाकडे धरलं. दिपाली दाराच्या चौकटीला धरून उभी होती. त्याने ओरडावं असं तिला वाटत होतं. ओरडला असता तर ती पण ओरडली असती.

"आईने सांगितलं वाटतं तुला," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"मला जमत नव्हतं ते. दगडावर पातं ठेवलं की ती पडलेली दिसायची. उंबऱ्यात. आणि वाटायचं, हे पण घासून टाकलं तर मग..." त्याने वाक्य सोडून दिलं. वस्तरा मिटला, उघडला. "बरं झालं. मी कधीच केलं नसतं."

"त्या रविवारी तुम्ही मला नूतन म्हणालात," दिपाली म्हणाली. "पाणी मागताना."

हेमकांतने मान वर केली. त्याचा चेहरा इतका खरा बावरला की त्याला खरोखरच माहीत नव्हतं, यात तिला शंका उरली नाही.

"मी? तुला?"

"हो."

"आणि तू काही बोलली नाहीस."

"पाणी दिलं."

त्याने वस्तरा पाटावर ठेवला. "तुला लागलं असेल," तो म्हणाला.

"लागलं," ती म्हणाली. एवढा एक शब्द बोलायला तिला इतके दिवस लागले होते. ती पायरीवर बसली. शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी झाली. हेमकांतने बारीक दगड पुढे ओढला, त्यावर पाणी टाकलं आणि तिने लावलेल्या धारेवरून, अगदी हलके, आणखी काही हात फिरवले. मग खुंटीला पट्टा अडकवून, दुसरं टोक ओढून धरून, वस्तरा त्यावर परजला. सपक, सपक. मनगटावरचे केस धारेला लागताच गळून पडले. "चांगली लागली," तो म्हणाला. "तुझा हात चांगला आहे."

"मग बसा," दिपाली म्हणाली. "दोन दिवसांची वाढली आहे."

तो क्षणभर अडखळला. तिने ते पाहिलं. मग तो उठला, आतून खुर्ची आणली आणि भिंतीला टेकून बसला. तिने गरम पाण्याचं पातेलं आणलं, टॉवेल पिळून त्याच्या तोंडावर धरला, ब्रशने फेस केला. फेस लावताना त्याच्या गालांचे खळगे, कानशिलाची शीर, ओठाखालचा तीळ, सगळं तिला पाठ होतं, आणि तरी हातांना नवं होतं. त्याने डोळे मिटले.

"डोळे उघडे ठेवा," ती म्हणाली.

"का?"

"मिटल्यावर तुम्ही कुठे जाता ते मला कळत नाही."

त्याने डोळे उघडले. ती जवळ वाकली होती. तिने कानाजवळची कातडी बोटाने वर ओढली आणि वस्तरा तिरपा टेकवून खाली आणला. बारीक करकर आवाज झाला आणि फेसातून गालाची एक स्वच्छ पट्टी निघाली. तो तिच्याकडे बघत होता. इतक्या जवळून, इतका वेळ, त्यांनी एकमेकांकडे कधी पाहिलं होतं तिला आठवेना. एक गाल झाला. तिने हनुवटी वर केली आणि जबड्याखाली आली. तिथे एक जागा होती जिथे केस उगवत नसत, तांदळाएवढी. तिला ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होती. लहानपणी लागलं असेल, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"हे तिच्या हातचं का?" तिने विचारलं.

"हो." बोलताना त्याचा कंठ तिच्या बोटांखाली हलला. "तिचा हात थरथरायचा. सारखी कुठे ना कुठे कापायची. आम्ही दोघं हसायचो. हात का थरथरतो ते पुढे सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं."

दिपालीने वस्तरा गळ्यापासून उचलला आणि टॉवेलला पुसला. तिचा हात स्थिर होता. आयुष्यभर तिला ज्याचा भरवसा होता तो हात, ज्याखाली कुणी कापलं जात नाही, ज्याची खूण कुणाच्या अंगावर उरत नाही. एक क्षण तिला वाटलं, थरथरावा. फक्त एकदा. तिने पुन्हा कातडी ताणली आणि त्या तांदळाएवढ्या जागेच्या कडेकडेने, तिला न लागता, वस्तरा खाली आणला.

"तुम्ही कधी काही बोलला नाहीत तिच्याबद्दल," ती म्हणाली.

"तुला आवडलं नसतं."

"नसतंच आवडलं. आताही आवडत नाहीये." तिने ब्रशने ओघळलेला फेस सारखा केला. "पण सांगा. आणखी काय करायची ती?"

त्याने ओठ न हलवता बोलायचा प्रयत्न केला. चहात सुंठ जास्त घालायची. घोड्यांना भ्यायची, यात्रेत त्याचा सदरा मागून धरून चालायची. दिपाली ऐकत होती आणि एकेक गोष्ट आत टोचत जात होती, आणि तरी ती त्याला थांबवत नव्हती. सुंठ. सदरा. बोलता बोलता त्याचे शब्द लांबायला लागले. सांगितल्याप्रमाणे त्याने डोळे उघडे धरले होते, पण दोन पाळ्यांचं जागरण होतं, गरम टॉवेलची ऊब होती. पापण्या खाली यायच्या, तो दचकून त्या वर ओढायचा, तिच्याकडे बघायचा. पुन्हा खाली यायच्या. "पुढे?" ती म्हणाली. तो काहीतरी पुटपुटला. मग त्याची मान तिच्या तळहातावर जड झाली, तोंड किंचित उघडलं, आणि तिच्या ओळखीचा खोल, संथ श्वास सुरू झाला.

उघडा वस्तरा हातात घेऊन दिपाली त्याच्यावर वाकून उभी होती. डोळे मिटून तो कुठे गेला होता ते तिला कळत नव्हतं. कळणारही नव्हतं. गळा तिच्या हातात सोडून तो गेला होता. अर्ध्या चेहऱ्यावरचा फेस वाळायला लागला होता. तिने त्याला उठवलं नाही. ब्रश ओला करून उरलेल्या गालावर नवा फेस चढवला, हनुवटीखाली दोन बोटं ठेवून मान जराशी आपल्याकडे वळवली, आणि कानापासून पुन्हा सुरुवात केली.